खुंटीवरची नळी

२० ऑक्टोबर १९५९. दिवाळीच्या आधी दवाखाना झाडायला काढला. औषधांचं मोठं कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. डॉक्टरांची बदली होऊन दोन वर्षं झाली, मधे एकदा भिंतींना चुना मारून झाला, तरी टरफलं निघतातच. सूपभर निघाली. मी ती चुलीत घातली, जपून ठेवण्यासारखी ती वस्तू नव्हे. पण झाडताना माणूस आठवला. आता कंबर धरली आहे, संध्याकाळपर्यंत दुसरं काम होणार नाही, म्हणून बसल्या बसल्या लिहिते.

त्यांच्याबद्दल सांगायचं म्हणजे शेवटी किन्हीराजाच्या त्या शेतकऱ्यावर यावंच लागतं. बायकोचा जीव वाचवायला तो आमच्याकडे, वाशीमजवळच्या मालेगावला, आला होता, आणि बायको आजारी आहे एवढंच काही त्याच्या तोंडून निघत नव्हतं. पण आधी डॉक्टरांच्या पद्धती सांगते. त्या नसत्या तर ती बाई गेलीच असती.

आमचा दवाखाना म्हणजे एक लांब खोली आणि पुढे पडवी. खोलीच्या एका टोकाला डॉक्टरांचं टेबल, मधे रोग्यांचा बाक, दुसऱ्या टोकाला मी, दवाखान्याची नर्स, आणि कंपाउंडर. पडदा नाही. एकाच्या जुलाबाची हकीगत बाकावरचे दहाजण मान डोलवत ऐकायचे, आणि एखादा "माह्यंबी मागच्या साली असंच झालं होतं" म्हणून आपली भर घालायचा. डॉक्टर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी कपाट पाहिलं नाही, औषधांची यादी मागितली नाही. आधी खुर्ची उचलली. हातांची ती एकच खुर्ची होती, ती रोग्याच्या जागी ठेवली, आणि रोग्याचं बुटकं तिपाई स्टूल स्वतःकडे ओढलं. माणूस उंच. त्या स्टुलावर बसले की गुडघे छातीशी यायचे.

शेतकरी माणसं खुर्चीत बसायला तयार नसत.

"तुमी बसा ना साहेब वर. आमी बसतो खाली, आमाले सवय हाय."

"खुर्ची माही नाई. ज्याचं दुखते त्याची आहे. तुमचं दुखते का काही?"

"दुखते तं."

"मंग बसा."

माझ्याशी ते पुस्तकी मराठी बोलत आणि रोग्याशी वऱ्हाडी. मूळचे कुठले ते कधी कळलं नाही. विचारलं की "इकडचाच" म्हणत.

दुसरी पद्धत नळीची. लोक दवाखान्यात यायचे ते नळी लावून घ्यायला. डॉक्टरनं छातीला नळी लावली, डोळे मिटले, 'हं' म्हटलं, की अर्धं दुखणं तिथंच गेलं असा त्यांचा समज, आणि आधीच्या डॉक्टरांनी तो छान पोसला होता. रोगी आत आला की बसायच्या आधी नळी छातीवर, एक मिनिटात दुसरा रोगी. यांनी मात्र टेबलामागे भिंतीत खुंटी ठोकून घेतली आणि नळी तिच्यावर टांगली. रोग्याचं सांगून होईपर्यंत नळी खुंटीवर.

"साहेब, नळी तं लावा."

"लावतो. आधी तुमी बोला. नळी कानात घातली तं तुमचं बोलणं कसं आईकू येईन?"

तिसरी पद्धत शेंगांची. टेबलावर पितळी वाडगा, त्यात भुईमुगाच्या भाजक्या शेंगा. रोगी बसला की मूठभर त्याच्यापुढे सरकवायच्या, मूठभर आपल्यापुढे घ्यायच्या, आणि मान खाली घालून सोलत बसायचं. रोग्याच्या तोंडाकडे पाहायचंच नाही. सुरुवातीला मला वाटलं, यांना खायची खोड आहे. पण ते खायचे थोडेच. दाणे वाडग्यात पडत आणि दुपारी कोणाचं लेकरू ते घेऊन जाई. हळूहळू लक्षात आलं की त्यांची नजर रोग्याच्या बोटांवर असते. कोणाला शेंग फुटत नाही, कोणाची बोटं थरथरतात, कोणाची नखं पांढरी फटक, कोण दाणा तोंडाजवळ नेऊन परत ठेवतो. आणि माणसाच्या हाताला काम मिळालं की तो आपोआप बोलायला लागतो, हे तर कापूस वेचणाऱ्या बायकांना पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे. टरफलं मात्र जमिनीवर. झाडायचं मला. मी त्यांना एक टोपली आणून दिली. त्यात ते छत्री ठेवू लागले.

चौथी गोष्ट म्हणजे त्यांचा प्रश्न. "काय होते?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. ते म्हणत, "काय होते म्हटलं की सगळे एकच उत्तर देतात, बाई. अंग मोडून येते, भूक लागत नाही. यावरून मी काय ओळखायचं?" त्यांचा प्रश्न ठरलेला: "कोणतं काम करत होते तवा?" नांगर धरला होता का, मोट हाकत होते का, ओझं उतरवत होते का चढवत होते. काम कोणतं, कुठवर जमलं आणि कुठं थांबलं, हे कळलं की ते थेट दुखण्यापाशी जात. लोक त्यांना 'इचाऱ्या डॉक्टर' म्हणत. कौतुकानं म्हणत असं नाही. "औषध कमी देते, पंचायती जास्त करते" असंही मी बाकावर ऐकलेलं आहे.

आणि रांजण. दवाखान्याच्या पडवीत पिण्याच्या पाण्याचा मोठा रांजण होता, विहीर मागच्या अंगाला. रोग्याऐवजी दुसऱ्यानं उत्तर दिलं की डॉक्टर मान वर न करता म्हणत, "तुमाले उगीच बसून राहावं लागते. तेवढा रांजण भरता का?" सासवा, नवरे, चुलते, सगळ्यांनी तो भरला आहे. एकदा एक मोठे जमीनदार आले. बरोबर दिवाणजी. पोट दुखत होतं मालकाचं आणि सांगत होता दिवाणजी: मालकाले रात्रीचं असं होते, मालकाले दही चालत नाई. डॉक्टरांनी दिवाणजीला बादली दाखवली. मालक तडकले. "तो आमचा माणूस आहे, पाणक्या नाई!" डॉक्टर म्हणाले, "मंग तुमी भरा. पोट त्याचंच दुखते वाटते." जमीनदार उठून गेले. महिन्याभरानं एकटेच आले, आणि येताना शेंगांचं पोतं घेऊन आले. पुढे पुष्कळ लोक शेंगा आणू लागले. रांजण तर त्या वर्षांत कधी रिकामा दिसला नाही.

मी काही त्यांची भक्त नव्हते. एका माणसाला पाऊण तास दिला की बाहेरचे वीसजण ताटकळतात, हे त्यांना दिसत नसे. एकदा एका म्हातारीची गुडघ्याची कहाणी चालली होती, ती तिच्या लग्नापर्यंत मागे गेली होती, आणि पडवीत एका बाईच्या मांडीवर लेकराला झटके यायला लागले. मी लेकरू उचललं, टेबलावर त्यांच्या शेंगांच्या वाडग्याशेजारी ठेवलं आणि म्हटलं, "याला विचारा काय काम करत होता ते." डॉक्टर लगेच लेकराकडे वळले. लेकरू वाचलं. दुसऱ्या दिवसापासून मी दर थोड्या वेळानं पडवीत फेरी मारू लागले, आणि जो थांबू शकत नाही त्याला आधी आत धाडू लागले. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. आमचं असं जमलं.

आता तो शेतकरी.

बाजाराचा दिवस होता, कापसाचे दिवस. बाक गच्च भरलेला. मी पुड्या बांधत होते. त्याचा नंबर आला तसा तो खुर्चीत जाऊन बसला. पंचविशीच्या आतबाहेरचा, उन्हानं रापलेला, अंगानं चांगला काटक. हातात रिकामी बाटली. त्याचा मोठा भाऊ बाजारासाठी सोबत आला होता, तो बाकाच्या कडेला टेकला.

"बोला."

"डोकं दुखते साहेब. लय दुखते."

डॉक्टरांनी शेंगा सरकवल्या. त्यानं एक उचलली, कडकन फोडली. "कवापासून?"

"झाले चार-पाच रोज. डोक्याची पुडी द्या अन् बाटलीत काही औषध द्या. मले लवकर जा लागते."

"देतो. कोणतं काम करत होते तवा जास्त दुखलं?"

"दळून राह्यलो होतो."

बाकावर कोणीतरी खिदळलं. "काहून गा, तुह्या घरी दळण तूच दळतं काय? अन् बायको नांगर हाकते?" सगळे हसले. मोठा भाऊ हसला नाही. तो जमिनीकडे पाहायला लागला.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. शेंगेचा हात तेवढा जरा वर उचलला, आणि हसणं बंद झालं. "दळता दळता काय झालं?"

"डोळ्यापुढं काजवे चमकले. जात्याचा खुंटाच दिसेना. मंग भिंतीले टेकलो."

"सूज?"

"हाय. हातापायाले. सकाळी तोंडाले बी. ओळखू येत नाई असं तोंड होते."

त्याचं तोंड आमच्यासमोर होतं. गालफडं बसलेली, त्यावर सूज नावाला नव्हती. हात सडपातळ, बोंडांनी ओरखडलेले. माझ्या हातातली पुडी तशीच राहिली. मला आधी वाटलं, याचं डोकं फिरलं आहे. डॉक्टरांकडे पाहिलं तर ते पहिल्यासारखेच शेंग सोलत होते.

"हाताची सूज किती आहे?"

"बांगड्या रुतून राह्यल्या," तो म्हणाला, आणि तिथंच अडकला. बाकावरच्या सगळ्यांनी त्याच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं. त्यानं हात टेबलाखाली घेतले.

अशा वेळी दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, "अरे, बायकोचं सांगतोस होय!" मीच म्हटलं असतं. पण मोठ्या भावासमोर आपल्या बायकोचं नाव काढायचं नाही, तिच्या अंगाबद्दल बोलायचं तर मुळीच नाही, अशी त्या घरांची रीत. त्यात बाक भरून पुरुष. त्याला तोंडावर पकडलं असतं तर तो लाजून उठला असता आणि बाटली घेऊन चालता झाला असता. डॉक्टरांनी त्याला त्याच्या सोंगात राहू दिलं.

"निघतात का?" त्यांनी विचारलं.

"नाई निघत. साबण लावून पाह्यला."

"लघवी?"

"लय कमी."

"छातीच्या खाली, इथं, दुखते का?" त्यांनी स्वतःच्या बरगडीखाली बोट ठेवलं.

"कालपासून दुखते. ओकारी बी झाली."

"पोटातलं ओझं कितव्या महिन्याचं आहे?"

"आठवा सरत आला साहेब."

"आत हालते?"

"काल कमी हाललं."

"पहिली खेप?"

"दुसरी. पहिलं राह्यलं नाई."

"तवाबी असंच झालं होतं का? डोकं, काजवे?"

तो पहिल्यांदाच वर पाहून बोलला. "ते मले माहीत नाई साहेब. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मले कोनी काही सांगतलं नाई."

एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. बाकावर कोणी हसत नव्हतं. ज्यानं टोमणा मारला होता तो टोपी काढून हातात फिरवत बसला होता. मोठा भाऊ उठला. मला वाटलं, आता हा त्याला झापणार. तो कोणाकडे न पाहता पडवीत गेला, बादली उचलली आणि विहिरीकडे चालता झाला. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. परत आला, रांजणात बादली रिकामी केली, पुन्हा गेला.

डॉक्टर उठले. नळी खुंटीवरून काढली आणि त्या माणसाला न लावता सरळ बॅगेत टाकली. "तुमची तबेत लय खराब आहे," ते त्याला म्हणाले. "तुमाले आज वाशीमच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागते. आधी तुमच्या घरी जाऊ."

"अन् हे?" त्यानं बाटली पुढे केली.

"याले बाटलीतलं औषध नाई."

त्या दिवशी ती बाटली भरली असती तर काय झालं असतं, हे मी अनेकदा मनात मांडून पाहिलं आहे. आधीच्या डॉक्टरांनी आल्याबरोबर नळी लावली असती. ठणठणीत छाती, ठणठणीत नाडी. डोकेदुखीची पुडी, बाटलीत लाल मिक्स्चर, बाटलीला मात्रेची कातरलेली कागदी पट्टी, आणि पुढचा रोगी. तो ते सगळं घरी नेऊन बायकोला पाजणार होता.

पडवीसमोर शिरपूरला दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंची मोटार उभी होती. इंजिन तापलं म्हणून ते आमच्या रांजणातलं पाणी घालत होते. डॉक्टर मोटारवाल्या शेठजींपाशी गेले.

"शिरपूरला दुपारी पोचण्याऐवजी संध्याकाळी पोचलात तर काय काम अडेल?"

शेठजींनी विचार केला. "काम तो कुछ नहीं अटकेगा. दर्शनच घ्यायचं आहे."

"मग मोटार मला द्या. एक बाई मरते आहे."

त्या रोग्यासाठी 'बाई' हा शब्द त्यांनी तिथं, मोटारीपाशी, पहिल्यांदा उच्चारला. शेठजी आणि त्यांची मंडळी उतरली आणि आमच्या बाकावर जाऊन बसली. कंपाउंडरनं त्यांनाही शेंगा दिल्या, असं नंतर कळलं.

शेतकऱ्याला घेऊन डॉक्टर आणि मी किन्हीराजाला पोचलो तशी त्या बाईची सासू दारातच आडवी आली. "काय झालं रे? तू तं आपल्या डोक्याचं औषध आनाले गेला होता! अन् हा डाक्टर, हे बाई, कायले आनले?" म्हणजे पोरानं घरीही तेच सांगितलं होतं. बायकोसाठी औषधाला जातो म्हटलं असतं तर जाताना काय ऐकावं लागलं असतं, ते पुढच्याच वाक्यात कळलं. "सूज तं गरवारपनात येतेच. मले नाई आली? सात बाळंतपनं केली मी, कोन्या डाक्टरनं पाह्यलं? बायकोच्या मागं मागं फिरते हा!"

डॉक्टर ओसरीवर दाराकडे पाठ करून बसले, म्हणजे परक्या पुरुषानं आत यायचा प्रश्नच उरला नाही. मी आत गेले. ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या. बांगड्यांच्या वर आणि खाली मांस फुगून आलेलं. मी रक्तदाबाचं यंत्र बांधलं. पारा कुठवर गेला ते पाहिलं आणि बाहेर ओरडून सांगितलं. डॉक्टर फक्त म्हणाले, "उचला."

सासू म्हणाली, "तिले इचारा तरी, जायचं हाय का तिले."

डॉक्टर पाठमोरेच बोलले, "आजवर तिले कोनी इचारलं का, मावशी?"

तिला पहिला झटका मोटारीतच आला, मालेगावच्या अलीकडे. मी मागच्या बाकावर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दातांत कापड गुंडाळलेला चमचा घातला, डॉक्टरांनी मोटार थांबवून कुल्ल्यात इंजेक्शनं दिली, खिडक्यांना माझा आणि तिचा पदर लावून उजेड अडवला. नवरा पुढे बसला होता. झटका चालू होता तेव्हा तो मोठमोठ्यानं तिचं नाव घेत होता. सकाळपासून जे तोंडातून निघत नव्हतं ते आता थांबेना.

पुढचं आधीच सांगून टाकते. बाई जगली. मूल वाचलं नाही, जन्मलं तेव्हाच गेलेलं होतं. पुढे ती तिसऱ्यांदा गरोदर राहिली तेव्हा तिसऱ्या महिन्यातच आमच्या दवाखान्यात आली, कोणी न सांगता खुर्चीत बसली, आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी तेवढं पानी भरता का?" दिवसभर भरलं त्यानं. तेव्हाचं मूल चांगलं आहे, शाळेत जायला लागेल आता.

पण त्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात यायचं हे तिला कळलं, ते वाशीमच्या दुसऱ्या दिवसामुळे.

वाशीमला तिला भरती केल्यावर डॉक्टर मोटार घेऊन परतायला निघाले. शेठजी बाकावर बसून होते. मला म्हणाले, "तुम्ही राहा. उद्या ती शुद्धीवर आली की तिला विचारा."

"काय विचारू?"

"सगळं. पहिल्यापासून."

दिवसभराची मी मेटाकुटीला आलेली. म्हटलं, "डॉक्टर, रोग कळला, उपचार झाला. आता हकीगत घेऊन काय लोणचं घालायचं आहे?"

"आपण ऐकलं ते नवऱ्याचं. त्याला जेवढं माहीत तेवढंच त्यानं सांगितलं. पहिल्या वेळचं त्याला माहीत नाही."

"तिची सासू येईल, तिला विचारते."

ते मोटारीत बसता बसता थांबले. "मी लहानपणी अडखळत बोलायचो, बाई. एक शब्द काढायला फार वेळ लागायचा. समोरच्याला दया यायची आणि तो माझं वाक्य पुरं करायचा. मास्तर, काका, सगळेच. एकदाही कोणी बरोबर पुरं केलं नाही. आणि मी मान डोलवायचो, कारण नाही म्हणायला आणखी वेळ लागला असता." त्यांनी दार ओढून घेतलं. "सावकाश विचारा."

स्वतःबद्दल त्यांनी मला सांगितलेली एवढी एकच गोष्ट. बोलताना ते अडखळलेले मी कधी ऐकले नाहीत, अजूनही खरं-खोटं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर होती. सूज उतरायला लागली होती, डोळे उघडत होते. सासू पहिल्या सर्व्हिस मोटारीनं येऊन खाटेच्या उशाशी बसलेली. मी म्हटलं, "आता कसं वाटते?"

"बरी हाय ते," सासू म्हणाली.

मी तिच्या हातात तांब्या दिला. "मावशी, तेवढं पाणी आणता का? विहीर मागच्या अंगाला आहे."

स्टूल तिथं नव्हतं. मी औषधाचं एक रिकामं खोकं उलटं केलं आणि त्यावर बसले, म्हणजे खाट माझ्यापेक्षा उंच झाली. स्टँडवरून आणलेल्या शेंगांचा पुडा सोडला. तिला खायला द्यायच्या नव्हत्या, पण चार शेंगा तिच्या हाताशी ठेवल्या, आणि मान खाली घालून एक फोडली.

"सांगा," मी म्हटलं.

मी दुसरी फोडली. मालेगावची मोटार स्टँडवर भोंगा वाजवत होती. ती मला पकडायची होती. दवाखान्यात कंपाउंडर एकटा होता. मी तिसरी फोडली.

"पोरगं होतं का पोरगी?" ती म्हणाली.

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. "पोरगी होती," मी सांगितलं.

तिनं हाताशी ठेवलेली एक शेंग घेतली. फोडायला वेळ लागला, बोटं अजून जड होती. मी मदत केली नाही.

"पहिल्या टायमालेबी काजवे चमकले होते," ती सांगू लागली. "झटकेबी आले. माय म्हने, कोनाले सांगू नोको, सांगतलं तं नांदवनार नाईत. म्हनून नाई सांगतलं. यालेबी नाई."

मोटार गेली. मी विचारलं, "तेव्हा तुम्ही कोणतं काम करत होता?"

तिनं सांगितलं. सुरुवातीपासून, मायच्या घरच्या अंगणापासून. सासू दोनदा पाणी घेऊन आली, दोनदा मी तिला परत धाडलं. दुसरी मोटारही गेली. सगळं सांगून झाल्यावर मी टरफलं पदरात गोळा केली, खोकं होतं तिथं नेऊन ठेवलं आणि तिसऱ्या मोटारीनं मालेगावला आले.